पेढीच्या सर्व्हरचं अपग्रेड आणि मागं यायची वाट : प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळी झाली, पाडव्याला वहीपूजन झालं, आता सांगलीच्या मार्केट यार्डातल्या मामांच्या पेढीवरचा सर्व्हर हातात घ्यायचा. हळदीची अडत आहे, जोडीला थोडा बेदाणा. नव्या हळदीची आवक फेब्रुवारीच्या आसपास वाढली की मग मशीनला हात लावायची सोयच उरत नाही, एकीकडं सौदे चालू असतात, दुसरीकडं शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, उभा असतो, कोण जतहून आलेला असतो कोण कर्नाटकातनं, त्याला परतीची गाडी गाठायची असते आणि तेव्हा "सर्व्हर बंद आहे थांबा" म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यामुळं जे काय करायचं ते या मधल्या महिन्यांत.

मशीन साधंच आहे. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, डेबियन १२ म्हणजे बुकवर्म ही लिनक्स सिस्टिम, त्यावर अपाची हा वेबसर्व्हर, पीएचपी ८.२ ही भाषा, मारियाडीबी १०.११ हा डेटाबेस आणि ब्राउझरमधनं चालणारं बिलिंग. डेबियन १३ ट्रिक्सी ९ ऑगस्टला आलंय. बुकवर्म १० जून २०२३ चं, त्याचा नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट जून २०२६ पर्यंत, पुढं एलटीएस म्हणजे जादा मुदतीचा सपोर्ट आहे २०२८ पर्यंत पण ज्या मशीनवर लोकांच्या पैशाचा हिशेब आहे ते मी मागं ठेवणार नाही.

जमेची बाजू एकच पण मोठी, डिस्कवर बीटीआरएफएस ही फाईलसिस्टिम, म्हणजे फाईली ठेवायची मांडणी आहे, आणि तिच्यात स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी धरून ठेवता येते. म्हणजे अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा, फसलं तर त्यावर परत यायचं. ऐकायला एका वाक्यात संपतंय, पण खरं काम त्याच्या आधी आहे. मागं येताना काय काय मागं यायला पाहिजे आणि काय अजिबात यायला नको, हे अपग्रेडच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर ठरवता येत नाही. म्हणून ह्या नोंदी तारीखवार लिहून ठेवतोय.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज नुसती रचना बघितली. डेबियनचा इन्स्टॉलर बीटीआरएफएसवर एकच सबव्हॉल्यूम, म्हणजे वेगळा स्नॅपशॉट घेता येईल असा कप्पा, करतो, @रूटएफएस नावाचं, आणि सगळं त्यातच. सिस्टिम, लॉग, घरचे फोल्डर, डेटाबेस, सगळं एका पोत्यात. ह्याचा स्नॅपशॉट घेऊन मागं आलो तर सिस्टिम मागं येईल पण मधल्या काळात केलेल्या पट्ट्या पण पुसल्या जातील, सोमवारी केलेलं बिल मंगळवारी रोलबॅक केल्यावर नाहीच. हे पेढीला चालणार नाही.

कागदावर असं ठरवलं:
@ म्हणजे मुख्य सिस्टिम, /बूट सकट.
@होम वेगळं.
@लॉग वेगळं, /व्हार/लॉग वर लागेल.
@डेटा वेगळं, /व्हार/लिब/मायएसक्यूएल वर लागेल.

अख्खं /व्हार वेगळं काढायचा मोह होतो पण डेबियनवर ते करायचं नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी मध्ये कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं बसलंय त्याची नोंद असते, आणि खुद्द फाईली /यूएसआर मध्ये. /यूएसआर मागं आलं आणि डीपीकेजीची नोंद पुढंच राहिली तर एपीटीला म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला वाटणार नवीन बसलंय, डिस्कवर मात्र जुनं. ओपनसुसे ह्या दुसऱ्या लिनक्सवाले अख्खं /व्हार वेगळं ठेवतात पण त्यांनी त्यासाठी आरपीएमचा, म्हणजे त्यांच्याकडच्या पॅकेजच्या नोंदीचा, डेटाबेस आधी /यूएसआरच्या आत हलवला, त्यामुळं त्यांना ते जमतं. त्यांची मांडणी बघून तशीच्या तशी इथं उचलली तर घात होईल.

/बूट बद्दल पण तेच. ते वेगळ्या पार्टिशनवर असतं तर रोलबॅकनंतर कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा नवीन आणि त्याची मॉड्यूल जुनी अशी जोडी झाली असती, मग नेटवर्क कार्ड पण उठत नाही कधीकधी. आपल्याकडं /बूट रूटच्या आतच आहे, वेगळं फक्त मशीन उठताना लागणारं ईएफआयचं छोटं पार्टिशन. हे नशिबानं बरं झालंय.

२ नोव्हेंबर, रविवार

पेढी बंद, दिवसभर मोकळीक. पेन ड्राइव्हवरनं डेबियन लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणारी सिस्टिम, चालू केलं, डिस्क वरच्या थराला म्हणजे सबव्हॉलआयडी ५ ने माउंट केली, @रूटएफएसचं नाव बदलून @ केलं आणि बाकीची सबव्हॉल्यूम शेजारी शेजारी तयार करून त्यात डेटा कॉपी केला.

शेजारी शेजारी हे मुद्दाम. सबव्हॉल्यूमच्या पोटात सबव्हॉल्यूम करता येतं पण स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूममध्ये उतरत नाही, तिथं नुसतं रिकामं फोल्डर दिसतं. उद्या @ बाजूला सारून त्या जागी स्नॅपशॉट आणला तर डेटाबेस जुन्या @ च्या पोटातच राहणार आणि नवीन जागी मारियाडीबीला रिकामी खोली. म्हणून सगळी एका पातळीवर, आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठं लागायचं त्या यादीत, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ.

नाव बदललं की ग्रबला, म्हणजे मशीन उठवणाऱ्या बूटलोडरला, पण सांगावं लागतं. कॉन्फिगमध्ये रूटफ्लॅग्ज म्हणून जुन्या सबव्हॉल्यूमचं नाव असतं, आणि ईएफआय पार्टिशनवर एक छोटी फाईल असते तिच्यात पण जुना रस्ता लिहिलेला असतो. च-रूट करून, म्हणजे लाइव्हमधनंच डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून, ग्रब परत इन्स्टॉल केलं, अपडेट-ग्रब चालवलं, तेव्हा मशीन नीट उठलं.

डेटाबेसच्या फोल्डरवर कॉपी-ऑन-राइट, म्हणजे बदल जुन्यावर न लिहिता नवीन जागी लिहायची पद्धत, बंद करावं असं बरेच जण सांगतात, वेग वाढतो म्हणून. मी नाही केलं. ते बंद केलं की त्या फाईलींचे चेकसम, म्हणजे फाईल बिघडली का ते ओळखायचे आकडे, पण बंद होतात, आणि आपला डेटाबेस एवढा लहान आहे की वेगाचा प्रश्नच नाही. हिशेबाच्या फाईलीत एक बिट जरी इकडचा तिकडं झाला तरी मला कळायला पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज रंगीत तालीम. स्नॅपशॉट घेतला, मग मुद्दाम काही पॅकेज काढून टाकली, /इटीसी मधल्या फाईली बदलल्या आणि लाइव्हवरनं मागं आलो. जसंच्या तसं.

मामा मागं उभं राहून बघत होते, म्हणाले "अख्खी सिस्टिम डोळ्याची पापणी लवायच्या आत कशी काय कॉपी झाली रं?" कॉपी होतच नाही हे त्यांना कीर्दीवरनं सांगितलं. कीर्दीत चुकलेली रक्कम आपण खोडत नाही, खाली नवीन नोंद घालतो आणि जुनी ओळ तिथंच असते, तसं बीटीआरएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, बदल नवीन जागी लिहितं आणि मग पत्ता बदलतं. स्नॅपशॉट म्हणजे जुने पत्ते धरून ठेवायचे, एवढंच. म्हणून घेताना वेळ लागत नाही आणि सुरुवातीला जागा पण जवळजवळ लागत नाही. जागा नंतर जाते, जसजशा फाईली बदलतील तसतसे जुने ब्लॉक स्नॅपशॉटसाठी अडकून राहतात. डीएफ कमांड ह्यात नीट चित्र देत नाही, बीटीआरएफएसची स्वतःची यूसेज कमांड बघायची.

मामांना लगेच पटलं. त्यांनी एकच अट घातली, शनिवारी संध्याकाळी सौदे आटोपल्यावर हात लावायचा आणि सोमवारी सकाळी मशीन चालू पाहिजे, नवीन असो नाहीतर जुनं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी दिवाणजी अण्णांनी शेवटची पट्टी काढली, रोजमेळ जुळवला, मग बिलिंग बंद केलं. इथनं पुढं रोलबॅक होईपर्यंत किंवा अपग्रेड पास होईपर्यंत कुणी एक आकडा पण टाकायचा नाही. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती तांत्रिक नाहीच, माणसांनी पाळायची आहे.

कारण असं, डेटा वेगळा ठेवला म्हणून प्रश्न सुटत नाही. ट्रिक्सीत मारियाडीबी ११.८ आहे, ती पहिल्यांदा उठली की डेटाच्या फाईली स्वतःच्या पद्धतीनं बदलून घेते, आणि मोठ्या आवृत्तीवरनं खाली उतरणं मारियाडीबी सपोर्ट करत नाही. मग सिस्टिम मागं आणली आणि डेटा पुढचाच ठेवला तर १०.११ ला तो वाचता येईल याची कसलीही खात्री नाही. म्हणजे एरवी रोजच्या कामात @ आणि @डेटा वेगवेगळे, पण अपग्रेडच्या रात्री दोघांची जोडी. जातील तर दोघं, येतील तर दोघं. आणि मधे कुणी काही टाकलं नसेल तर जोडीनं मागं येण्यात काहीच हरवत नाही.

क्रम: आधी डम्प, म्हणजे डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदींची वेगळी प्रत, काढून पेन ड्राइव्हवर. मग मारियाडीबी व्यवस्थित बंद. ती बंद झाल्यावरच दोन्हीचे रीड-ओन्ली स्नॅपशॉट, एकाच तारखेच्या नावानं. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतला तर तो लाईट गेल्यासारख्या अवस्थेतला असतो, बहुतेक वेळा उठतो, पण मला बहुतेक नको होतं.

मग सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेज कुठनं आणायची त्या यादीत, बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, आधी नवीन पॅकेज न आणणारं साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. रिलीज नोट्समध्ये असंच दोन टप्प्यांत सांगितलंय.

फुल-अपग्रेड निम्म्यावर आलं आणि यार्डातली लाईट गेली. यूपीएसनं थोडा वेळ तग धरला आणि तो पण बसला. पॅकेज उलगडून झालेली, कॉन्फिगर निम्मीच.

लाईट आल्यावर मशीन जुन्या ६.१ कर्नलवर उठलं. फाईलसिस्टिमला काही झालेलं नव्हतं, आणि ते होतच नाही सहसा, कारण शेवटचा पूर्ण झालेला व्यवहार जिथं होता तिथनं बीटीआरएफएस चालू होतं. पण फाईलसिस्टिम शाबूत आहे म्हणजे सिस्टिम शाबूत आहे असं नाही. डीपीकेजी म्हणतंय काम अर्धवट राहिलंय, अपाचीला पीएचपीचं मॉड्यूल सापडेना, मारियाडीबी मात्र नवीन आवृत्तीची बसून एकदा उठून पण गेलेली, म्हणजे डेटाच्या फाईलींना हात लागलेला.

डीपीकेजीला राहिलेलं पूर्ण कर म्हणून सांगता येतं, आणि खूपदा त्यानं निभावतं, हे मला माहितीये. पण निभावलं असं वाटलेली सिस्टिम आणि खरंच नीट असलेली सिस्टिम ह्यातला फरक मला फेब्रुवारीत एखाद्या भर सौद्याच्या दुपारी कळायला नको होता. परत मागं जायचं ठरवलं.

लाइव्ह पेन ड्राइव्ह, सबव्हॉलआयडी ५, @ चं नाव @-अर्धवट, @डेटा चं नाव @डेटा-अर्धवट. मग दोन्ही रीड-ओन्ली स्नॅपशॉटवरनं नवीन लिहिता येणारे स्नॅपशॉट काढले, @ आणि @डेटा ह्याच नावानं. मूळ रीड-ओन्ली स्नॅपशॉट हलवला नाही, तो तसाच ठेवला, कारण मूळच वापरून टाकला आणि परत काही झालं तर हातात काय राहणार. नावं तीच असल्यामुळं एफएसटॅब, ग्रब कशालाच हात लावावा लागला नाही. पेन ड्राइव्ह काढला, रिबूट.

बुकवर्म, कर्नल ६.१, पीएचपी ८.२, मारियाडीबी १०.११, बिलिंगचं पान समोर. अण्णा घरी गेलेले नव्हते, बाहेर बारदानावर बसून होते. आत आले आणि पहिलं विचारलं, "पट्ट्या हायत न्हवं सगळ्या?" आज संध्याकाळची शेवटची पट्टी उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून रक्कम वाचली, आपल्या वहीतली वाचली, आणि मग गेले घरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी परत यार्डात. आधी स्क्रब चालवला, म्हणजे सगळ्या डिस्कवरचे चेकसम तपासले, एकही चूक नाही. डिव्हाइस स्टॅट्स म्हणजे डिस्कच्या चुकांचे आकडे पण सगळे शून्य. डेटाबेसच्या सगळ्या टेबलांची तपासणी केली. प्रिंटरवर पट्टी छापून बघितली.

@लॉग वेगळं ठेवल्याचा आज फायदा झाला. रोलबॅकबरोबर लॉग मागं गेले नाहीत, त्यामुळं एपीटीचा टर्मिनल लॉग आणि डीपीकेजीचा लॉग कालच्या अपग्रेडच्या शेवटच्या ओळीपर्यंत जसेच्या तसे आहेत. कुठल्या पॅकेजवर असताना लाईट गेली ते पण दिसतंय. लॉग @ मध्येच असते तर मशीनला काल काही झालं होतं ह्याचा पुरावा पण @-अर्धवट उघडून शोधत बसावं लागलं असतं.

सोमवारी पेढी नेहमीसारखी चालू होईल. गिऱ्हाइकाला कळणार पण नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यूपीएसची बॅटरी बदलली, आणि नुसती बदलून थांबलो नाही, मेन स्विच पाडून सर्व्हर किती वेळ चालतो ते बघितलं. अपग्रेडला लागेल त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ मिळतोय.

रिलीज नोट्स आज सावकाश वाचल्या, एक गोष्ट आपल्या कामाची निघाली. ट्रिक्सीत /टेम्प आता डिस्कवर नाही, मेमरीत असतं, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. आपलं बिलिंग महिन्याचे पीडीएफ आधी /टेम्प मध्ये तयार करून ठेवतं. रीबूट झाला की गेले, आणि मार्च एंडला एकदम शेकड्यांनी काढले तर ८ जीबीतली बरीच मेमरी त्यातच जाणार. पीडीएफची जागा /व्हार/टेम्प मध्ये बदलून घेतली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हे आधी सुचायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल, पण मला स्नॅपशॉटची खरी ताकद इथं दिसली. मागं यायला तर तो आहेच, पण पुढं जाऊन बघायला पण तोच कामाचा आहे.

चांगल्या @ चा एक लिहिता येणारा स्नॅपशॉट काढला, @डेटा चा पण. सिस्टिमडी-एनस्पॉन नं त्याच मशीनवर कंटेनर म्हणून, म्हणजे सिस्टिमच्या आत वेगळी सिस्टिम म्हणून, तो चालू केला. त्या प्रतीतनं कर्नल आणि ग्रबची पॅकेज आधी काढून टाकली, कारण कंटेनर यजमान मशीनच्याच कर्नलवर चालतो आणि ग्रबला तिथं डिस्क सापडत नाही म्हणून ते उगाच अडून बसतं. अपाची आणि मारियाडीबीचे पोर्ट बदलले म्हणजे खऱ्या पेढीशी टक्कर नको. आणि मग त्या प्रतीवर अख्खं अपग्रेड ट्रिक्सीपर्यंत चालवलं, शेजारी खरी पेढी बुकवर्मवर चालू असताना, अण्णा पट्ट्या काढत असताना.

अपग्रेड पूर्ण झालं. मारियाडीबी ११.८ नं डेटा बदलून घेतला, टेबलं सगळी बरोबर. पण पट्टी छापायला दिली तर वरच्या दोन ओळींत इंग्रजी सूचना छापून आल्या आणि शेतकऱ्याचं नाव खाली सरकलं. पीएचपी ८.४ मध्ये, फंक्शनच्या पॅरामीटरला टाइप दिलाय आणि डीफॉल्ट नल ठेवलाय पण टाइपमध्ये नल चालतं असं लिहिलेलं नाही, अशा जागी आता डेप्रिकेटेड, म्हणजे ही पद्धत पुढं बंद होणार, म्हणून सूचना येते. बिलिंगमध्ये असं जागोजागी आहे आणि चुका पडद्यावर दाखवायचं सेटिंग चालू ठेवलेलं. बिलिंग लिहिणाऱ्याला फोन केला, त्यानं त्याच दिवशी दुरुस्त फाईली पाठवल्या, सेटिंग बंद करून सूचना लॉगमध्ये वळवल्या.

विचार करा, लाईट गेली नसती तर गेल्या शनिवारी अपग्रेड पूर्ण झालं असतं, आणि सोमवारी सकाळी शेतकऱ्याच्या हातात ही असली पट्टी गेली असती. आणि मग मंगळवारी रोलबॅक करायचं म्हटलं तर सोमवारच्या पट्ट्यांचं काय करायचं, हा प्रश्न स्नॅपशॉट सोडवू शकत नाही. तेव्हा डम्प काढून, मधले व्यवहार वेगळे करून, जुन्यात परत भरणं एवढंच उरतं. म्हणून रोलबॅकचा दरवाजा पहिला खरा व्यवहार टाकेपर्यंतच पूर्ण उघडा असतो असं धरून चालायचं आणि त्याच्या आधी जेवढं तपासता येईल तेवढं तपासून घ्यायचं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तीच पद्धत, तोच क्रम. रोजमेळ जुळला, बिलिंग बंद, डम्प, मारियाडीबी बंद, जोडीचे स्नॅपशॉट, दोन टप्प्यांत अपग्रेड. लाईट टिकली. कर्नल ६.१२ वर मशीन उठलं. पट्टी छापली, रोजमेळ छापला, जुन्या सीझनच्या काही पट्ट्या काढून अण्णांनी कागदाशी ताडून बघितल्या. वजन, दर, अडत, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम, सगळं पैशापर्यंत बरोबर.

रविवारी परत एकदा सगळं बघून मगच सोमवारी बिलिंग सुरू करायचं असं मामांशी बोलून ठरलं.

६ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर पेढी ट्रिक्सीवर नीट चालली. @-अर्धवट आणि @डेटा-अर्धवट काढून टाकले, तालमीच्या प्रती पण काढल्या, अडकलेली जागा मोकळी झाली. डिलीट केल्याकेल्या जागा लगेच दिसत नाही, मागच्या मागं साफसफाई चालते, थोड्या वेळानं यूसेजमध्ये फरक दिसतो. अपग्रेडच्या आधीची जोडी एवढ्यात काढणार नाही, पण आता ती मागं जायला नाही, एखादी जुनी कॉन्फिग फाईल बघायला लागली तर असावी म्हणून, आणि जानेवारीत ती पण जाईल.

अण्णांनी विचारलं, "मग आता पेन ड्राइव्हवरचा बॅकअप कशाला पायजे, ह्यो हाय की." त्यांना स्पष्ट सांगितलं की स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तो पण गेला. सांगलीत हे कुणाला जास्त समजवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि २०२१ ला परत आलंच. पाण्यात गेलेल्या मशीनमधले स्नॅपशॉट कुणी वाचून दाखवणार नाही.

त्यासाठी बीटीआरएफएस सेंड-रिसीव्ह लावलं. रीड-ओन्ली स्नॅपशॉट एका बाहेरच्या डिस्कवर पाठवायचा, ती डिस्क पण बीटीआरएफएसच पाहिजे, पहिल्यांदा पूर्ण जातो, नंतर मागच्या स्नॅपशॉटच्या तुलनेत जेवढं बदललं तेवढंच. त्यासाठी मागचा स्नॅपशॉट दोन्हीकडं शिल्लक ठेवावा लागतो, हे अण्णांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. डिस्क मिरजेला माझ्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहील, दर शनिवारी रोजमेळानंतर आणायची, भरायची आणि परत न्यायची. डेटाबेसचा डम्प पण त्याच डिस्कवर वेगळा, कारण डम्प कुठल्याही मशीनवर भरता येतो.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिला वाढीव सेंड आज गेला. मग मिरजेला येऊन त्या डिस्कवरनं दुसऱ्या मशीनवर @डेटा उघडला, मारियाडीबी उठवली आणि आजची शेवटची पट्टी वाचली. अण्णांना फोनवर आकडा सांगितला, त्यांनी वहीत बघून "बरोबर" म्हटलं. पुढचं काम, एपीटी चालवायच्या आधी आपोआप स्नॅपशॉट घेणारी हुक म्हणजे छोटी स्क्रिप्ट लिहायची आणि जुने स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे ते ठरवायचं. ते संक्रांतीच्या आत.